शिफारस

मेंढीचे चारी पाय एका दोरीत बांधून नामाजी तिच्या पाठीवर कातर चालवत होता. ऊन चांगलंच तापलं होतं. काळी लोकर सोलल्यासारखी एका बाजूनं सुटत होती आणि मेंढी जीभ बाहेर काढून धापा टाकत होती. मसाजी औरंगाबादेहून आला, वळकटी खाली टाकली आणि मेंढीचं डोकं गुडघ्यांत धरून बसला. बापलेकांनी ती मेंढी पुरी केली. पाय सोडल्यावर ती उठली, अंग झाडलं आणि आपलं अंग ओळखू न आल्यासारखी थोडा वेळ तिथंच उभी राहिली.

मग नामाजीनं विचारलं, "झाली परीक्षा?"

"झाली."

"व्हशील पास?"

"व्हईन."

नामाजीनं कातर घोंगडीला पुसली. पुसेगावपासून कोसभरावर ही वाडी. कुणब्यांची घरं वर, धनगरांची चार-दोन घरं ओढ्याच्या अंगाला. तिथून हिंगोलीच्या उर्दू शाळेत जाऊन मॅट्रिक झालेला मसाजी एकटाच. पुढं औरंगाबादेला बोर्डिंगात राहून त्यानं इंटरची परीक्षा दिली होती. तो घरी आला की चांगुणाबाई, त्याची माय, दिवसभर त्याच्याकडं चोरून बघत राहायची. अंगात सदरा घातलेला आपला लेक तिला अजून सवयीचा झाला नव्हता.

"बा, हैद्राबादेला जनावरांच्या डागतरीचं कॉलेज निघून राहिलं," मसाजी म्हणाला. "डिग्रीचं. आपल्या परभणी जिल्ह्याचं एकच पोरगं घेणार हायेत."

"एकच?"

"अर्ज लई येतेत. वकिलाची पोरं, देशमुखाची पोरं. पर ज्यानं जनावरात काम केलं त्याला आधी घेतेत म्हणं. सालोत्र्याची शिफारस पायजे."

नामाजीनं पुढच्या मेंढीचा पाय धरला. "मग जाय सालोत्र्याकडं. हितं बसून का करतूस?"

तालुक्याच्या गावी जनावरांचा दवाखाना होता. तिथले सालोत्री प्रेमसिंग नांदेडकडचे. बारीक अंगाचे, दम्याचे, आणि वरून कागद आला की दोन दिवस न जेवणारे. त्यांनी मसाजीला ठेवून घेतलं. पगार नाही, व्हरांड्यात झोपायचं. मसाजी सुया उकळायचा, दोरानं बैल पाडायचा, खांद्याच्या जखमांतले किडे काढून टर्पेंटाईनचा बोळा भरायचा. सालोत्र्यांच्या घरचं पाणीही तोच भरी. एकदा त्यांच्या मंडळींनी त्याला हौदाच्या कडेवर बसलेलं पाहिलं आणि म्हणाल्या, "ए मेंढीवाले, वहाँ नहीं, नीचे बैठो." तो खाली बसला. अंगाला मेंढरांचा वास येतो हे त्याला औरंगाबादेतही कुणीतरी सांगितलं होतं. तेव्हापासून तो रोज दोनदा अंघोळ करायचा. त्यानं काही फरक पडत नव्हता.

वैशाखात जवळा बाजारच्या बैलबाजारातून बुळकांडीची साथ निघाली. एका गावातून दुसऱ्या गावात ती पाणी प्यायला जावी तशी जाऊ लागली. आधी बैलाच्या डोळ्याला पाणी, मग तोंडात फोड, मग घाण वासाचा जुलाब, आणि शेवटी दात खात खात आडवं होणं. काही गावांत दावणीच्या दावणी मोकळ्या झाल्या. वरून हुकूम आला, सगळ्या गावांत टोचणी करा.

टोचायला कोणी जनावर आणेना. सालोत्र्याची गाडी दिसली की लोक ढोरं रानात हाकलायचे. सुई टोचली की बैल खचतो, गाय आटते, असं सगळीकडं बोललं जात होतं.

प्रेमसिंगांनी मसाजीला खुर्चीपाशी बोलावलं. त्या दिवशी त्यांचा दम फार वाढला होता.

"बेटे, तेरी वाडी तेरा सुनेगी?"

"बघतो साहेब."

"एक गाँव पूरा हो गया तो बाकी देख के आएँगे. तू उतना कर दे. तेरी शिफारस मैं ऐसी लिखूँगा कि कोई हटा न सके."

यात धमकी नव्हती. उलट त्यांनी ते विनवल्यासारखं म्हटलं. पण मसाजीला समजायचं ते समजलं.

वाडीत मारुतीच्या पारावर लोक जमले. व्यंकटराव पाटलांनी आपली गुरं आधीच सासुरवाडीला धाडली होती, त्यामुळं ते मोकळ्या मनानं बोलत होते. "सरकारचं काही फुकट नसतं बाबा. आज सुई टोचतेत, उद्या ढोरं मोजून लेव्ही मागतेत."

"पाटील, ती लस हाये," मसाजी म्हणाला. "दोन दिवस ताप येतो. मंग जनावराला बुळकांडी शिवत न्हाई."

"तू डागतर हायेस का?"

"व्हणार हाये."

लोक हसले. नामाजी पाराखाली उकिडवा बसला होता, त्यानं मान वर केली नाही. तेवढ्यात किसनराव उठला. त्याचं रान ओढ्याला लागून. नामाजीची मेंढरं वर्षानुवर्षं त्याच रानात बसायची. चहूबाजूंनी वाघरीची जाळी लावून रातभर मेंढरं बसवली की रानाला खत मिळे, आणि सुगीला किसनराव नामाजीला ज्वारी घाली. मसाजी लहान असताना माय मेंढरांमागं गेली की द्वारकाबाई, किसनरावची बायको, त्याला आपल्या ताटात जेवू घालायची.

"हे पोरगं आपल्या हातातलं हाये," किसनराव म्हणाला. "ते आपलं वाईट कशाला करंल? माही जोडी म्या आणतो. मोऱ्याला बी आणतो आन तांबड्याला बी."

किसनराव आला म्हटल्यावर बाकीचेही हो-नाही करत कबूल झाले.

टोचणीच्या दिवशी ओढ्याच्या काठी बाभळीचे दोन मेढे रोवून आडवं लाकूड बांधलं. जनावरांची रांग लागली. प्रेमसिंगांनी बर्फाच्या डब्यातून लस आणली होती. उन्हं चढायच्या आत ती संपवायची होती. बर्फाचं पाणी झालं की लस गेली. नामाजी, मसाजी आणि आणखी दोघं जण जनावरं धरत होते.

किसनराव आपली जोडी घेऊन आला. मोऱ्या काळा-पांढरा, उंच, खांद्यानं भरलेला. वाडीत तसा बैल दुसरा नव्हता. मसाजीनं त्याची वेसण धरली आणि त्याचा हात थांबला. मोऱ्याची नाकपुडी कोरडी होती. डोळ्याखाली ओघळाची काळी रेघ होती. केस उभे होते.

"सकाळपासून कडब्याला तोंड लावलं न्हाई यानं," किसनराव म्हणाला. "उन्हाचं असंल का रे मसा?"

मसाजीनं मोऱ्याचा खालचा ओठ अंगठ्यानं खाली ओढला. आतल्या तांबड्या कातडीवर कोंडा शिंपडल्यासारखे बारीक दाणे उठले होते. दवाखान्यात त्यानं असे ओठ पुष्कळ पाहिले होते. त्यानं ओठ सोडला. पलीकडं तांबड्याला धरून नामाजी उभा होता. त्यानं मोऱ्याकडं बघितलं, मसाजीकडं बघितलं आणि तांबड्याची शिंगं घट्ट धरून मान फिरवली.

"थांबा तात्या," मसाजी म्हणाला आणि सालोत्र्याकडं गेला. "साहेब, तो काळापांढरा... त्याला लागलेली हाये. तोंडात दाणे हायेत."

प्रेमसिंग सुई भरत होते. त्यांनी हळूच मोऱ्याकडं पाहिलं, मग रांगेकडं. रांगेत लोक कंटाळले होते. कोणी पाटलांचं बोलणं पुन्हा काढत होता.

"अभी बोलेगा तो ये सब भाग जाएँगे," ते म्हणाले. "रान में जाएँगे, सब को लगेगी, सब मरेंगे. वो तो गया ही समझो. उसको आखिर में लो. सुई बाद में उबाल लेंगे."

"पर मालकाला—"

"चुपचाप काम कर बेटे. बर्फ पिघल रहा है."

मसाजी परत आला.

"का म्हणले डागतर?" किसनरावनं विचारलं.

"उन्हाचं हाये," मसाजी म्हणाला. "जरा सावलीत बांधा. तुमची जोडी शेवटी घेऊ."

किसनरावनं जोडी चिंचेखाली नेली आणि आपल्या पटक्यानं मोऱ्याचं तोंड पुसलं. शेवटी सगळी जनावरं झाल्यावर मोऱ्याला मेढ्यात घातलं. मसाजीनं वेसण धरली. सुई गेली तेव्हा तो बैल हललासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी मोऱ्या उठला नाही. त्याच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या, जुलाबानं शेपूट भरली होती. द्वारकाबाई त्याला ज्वारीची आंबील पाजायला गेली तर ती तोंडातून परत आली. मसाजी दवाखान्यातून औषध घेऊन आला, मिठाच्या पाण्यानं त्याचं तोंड धुतलं, फडक्यानं फोड पुसले. मोऱ्या दात खात होता. तो करकर आवाज घरात, अंगणात, पलीकडच्या गल्लीत ऐकू जायचा. किसनराव त्याच्या मानेपाशी बसून माश्या हाकायचा. मोऱ्या गेला तेव्हा किसनरावनं त्याच्या गळ्यातली घुंगरमाळ काढली नाही. तशीच राहू द्या म्हणाला.

वाडीत आणखी काही जनावरं मेली. त्यांना टोचणीआधीच लागण झाली असणार. बाकीच्यांना ताप आला आणि उतरला. शेजारच्या गावात टोचणी झाली नव्हती, तिथलं गावठाण वासानं भरलं होतं. पण वाडीतल्या माणसांना आपल्या दावणी दिसत होत्या. ज्यांची जनावरं वाचली ते गप्प होते आणि ज्यांची मेली ते ओरडत होते. मेलेली जनावरं पुरायचा हुकूम होता. खड्डे नामाजी आणि मसाजीनं खणले. काळी जमीन उन्हानं दगड झाली होती, कुदळ पडली की ठिणगी उडायची. कोणी हात लावायला आलं नाही. काठावर उभं राहून लोक बघत होते.

"खण डागतर, खण," व्यंकटराव म्हणाले. "आता हेच तुहं कॉलेज."

मोऱ्याच्या खड्ड्यावर माती लोटून झाली तेव्हा द्वारकाबाई आली. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता. मसाजीनं ओंजळ धरली. पाणी ओतता ओतता ती म्हणाली, "मसा, तुला कळलं व्हतं का रे त्या दिशी?"

ओंजळीतलं पाणी त्याच्या कोपरावरून गळलं.

"न्हाई काकी."

"मंग ठीक," ती म्हणाली. "ते म्हणून राहिले का त्याला कसं कळंल, ते बी लेकरूच हाये." आणि उरलेलं पाणी तिनं त्याच्या तळहातावर घातलं.

त्यानंतर वाडीतल्या कोणी नामाजीची मेंढरं रानात बसवून घेतली नाहीत. कालपर्यंत बोलावणारे बांधावर काठी घेऊन उभे राहिले. चांगुणाबाई विहिरीवर गेली की बायका रहाट सोडून बाजूला व्हायच्या, तिचं भरून झालं की पुन्हा यायच्या. ती घरी येऊन घागर ठेवायची आणि चुलीपुढं बसून राहायची. एक किसनराव तेवढा म्हणाला, "नामा, माह्या रानात बसव. बैल माहा मेला, बोलायचा हक असंल तर मला हाये." नामाजीनं वाघरीचे खुंट त्याच्या रानात ठोकले. रोज सकाळी किसनराव तिकडं यायचा, तंबाखू मळायचा, अर्धी नामाजीच्या हातावर ठेवायचा. नामाजी ती तोंडात टाकायचा आणि मेंढरांकडं वळायचा. त्या दिवसांत तो फार वाळला.

प्रेमसिंगांनी शिफारस लिहिली. ज्येष्ठाच्या सुरुवातीला हैद्राबादेला बोलावणं आलं.

मसाजीनं बोर्डिंगातल्या सोबत्याची शेरवानी आणली होती. ती खांद्यात तंग होती, हात पुढं केला की शिवण करकरायची. हिंगोलीला गाडीत बसला, पूर्णेला गाडी बदलली, रात्रभर दाराशी उभा राहिला, कारण बसलं की शेरवानी चुरगळली असती. तिथल्या इमारतीच्या व्हरांड्यात पोरं बाकांवर बसली होती. बूट घातलेली, इंग्रजी बोलणारी, काही आपल्या वडलांबरोबर आलेली. चपराशानं मसाजीच्या पायांकडं बघितलं. "चप्पल बाहर," तो म्हणाला. बाकीच्या पोरांचे बूट तसेच आत गेले. मसाजी अनवाणी आत गेला.

आत मोठ्या टेबलामागं तिघं साहेब होते. मधल्यांनी कागदावरून नजर न उचलता विचारलं, "वालिद क्या करते हैं?"

"भेडें चराते हैं."

कडेचे साहेब हसले, वाईट हेतूनं नव्हे. "तो फिर ये तो आधा डॉक्टर घर से ही है." त्यांनी हाडांची नावं विचारली, खुरांचे रोग विचारले. मसाजीला येत होतं. चुकलं तिथं तोच चुकलं म्हणाला. मधले साहेब शिफारशीचा कागद वाचत होते. त्यांनी चष्मा वर केला.

"तुम्हारे गाँव में टीके के बाद कुछ जानवर मरे. रिपोर्ट में है कि एक मालिक ने बीमार बैल छुपा कर कतार में लाया, उससे बीमारी फैली. किसनराव नाम है. तुम वहाँ थे. सही है?"

मसाजीला हे ठाऊक नव्हतं. प्रेमसिंगांनी रिपोर्टात काय लिहिलं ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याच्या पायाखालची फरशी गार होती. खिडकीबाहेर कुणीतरी घोड्याला खरारा करत होतं. तिघं साहेब वाट बघत होते. आणि त्याला एवढंच दिसत होतं की दारापलीकडं बाकावर ती सगळी पोरं बसली आहेत.

"जी," तो म्हणाला.

"हम्म." साहेबांनी कागदावर खूण केली. "लोग जाहिल हैं, इसी लिए तुम जैसे लड़के चाहिए."

संध्याकाळी कारकुनानं व्हरांड्यात उभं राहून नावं वाचली. परभणी जिल्ह्याला आल्यावर तो थांबला, अडखळला आणि म्हणाला, "मसाजी वल्द नामाजी." कोणीतरी मागं म्हणालं, "ये कौन है?" मसाजीनं चपला घातल्या आणि स्टेशनाकडं चालू लागला. त्याला आनंद झाला होता. तो खोटा नव्हता. पुलावर उभा राहून त्यानं चार शेंगा खाल्ल्या, आणि उरलेल्या खाली टाकून दिल्या.

वाडीत चांगुणाबाई गूळ घेऊन घरोघर गेली. कोणी घेतला, कोणी दारातूनच हात जोडले. किसनराव स्वतःहून आला. गुळाचा खडा तोंडात टाकला आणि मसाजीच्या डोक्यावर हात ठेवला.

"मोऱ्या गेला," तो म्हणाला, "पर वाडीला डागतर तर आला. कवा जायचं?"

"आखाडात."

"जाय. मागं बघू नको."

नामाजी मेंढराच्या खुरातला काटा काढत होता. त्यानं काटा मोडला आणि तो आतच राहिला. मेंढरू ओरडलं.

मृगाचं पाणी पडून गेलं, रानं वाफशावर येत होती. माती धड ओली नाही, धड कोरडी नाही, असे तेवढे थोडे दिवस. त्यात तिफण चालली तर पेरा, नाहीतर वर्ष गेलं. आणि नेमक्या त्या दिवसांत तालुक्याहून गिरदावर, महसुलाचा अंमलदार, आला. सोबत दोन शिपाई आणि प्रेमसिंग सालोत्री. चावडीत किसनरावला बोलावलं. सगळी वाडी दाराशी जमली. नामाजी आणि मसाजी भिंतीकडेला उभे होते.

गिरदावरानं तिथंच सांगितलं. बीमार जनावर लपवून टोचणीच्या रांगेत आणलं, त्यानं गावाचं नुकसान झालं. किसनरावला तालुक्याला न्यायचं, हवालातीत ठेवायचं, पुढचं तहसीलदार बघतील.

"पेरणी हाये साहेब," व्यंकटराव पाटील सुद्धा म्हणाले.

"वो उसने पहले सोचना था."

किसनराव गोंधळला होता. त्यानं पटका काढून हातात घेतला. "म्या लपवलं न्हाई, साहेब. बैलानं खाल्लं न्हाई म्हणून म्या इचारलं व्हतं. ह्या पोराला इचारलं. म्हणलं उन्हाचं असंल का." त्यानं मसाजीकडं बघितलं. त्या बघण्यात जरासुद्धा शंका नव्हती. "सांग की रे मसा. म्या इचारलं व्हतं का न्हाई?"

सगळे मसाजीकडं वळले. प्रेमसिंग जमिनीकडं बघत होते. त्यांचा श्वास घरघरत होता.

"इचारलं व्हतं," मसाजी म्हणाला.

"आणि?" गिरदावर म्हणाला. "तूने देखा? बीमार था?"

"व्हय."

"किसको बताया?"

"डागतरसाहेबाला. त्यायनी म्हणलं, गप राहा, लोक पळतील. म्या तात्याला सांगितलं का उन्हाचं हाये. तात्याला काहीच ठाव नव्हतं. हैद्राबादेला साहेबानं इचारलं, तवा बी म्या खोटं बोललो."

दाराशी उभी माणसं पुढं सरकली.

"सोच के बोल," गिरदावर म्हणाला. "तेरा दाखला इन्हीं के कागद पे हुआ है."

"इचार करूनच बोललो."

किसनरावनं मसाजीकडं बघणं सोडलं होतं. तो भिंतीकडेला नामाजीपाशी गेला. अगदी जवळ उभा राहिला.

"नामा. तू तांबड्याला धरून उभा व्हतास."

नामाजीनं मान हलवली.

"तुला दिसलं व्हतं?"

नामाजीच्या तोंडात तंबाखू होती. ती त्यानं हातात काढून घेतली. सकाळीच किसनरावनं दिलेली होती.

"दिसलं व्हतं," तो म्हणाला. "पोराचं व्हतंय म्हणून बोललो न्हाई."

किसनरावनं पटका डोक्याला गुंडाळायला घेतला. तो नीट बसेना. शेवटी पटका तसाच काखेत मारून तो चावडीबाहेर पडला. शिपायानं अडवायला हात केला, गिरदावरानं मानेनं नको म्हटलं. बाहेर द्वारकाबाई उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. चांगुणाबाई तिचा हात धरायला गेली तर तिनं तो झटकला नाही, नुसता काढून घेतला.

गाडीत बसण्याआधी प्रेमसिंग मसाजीपाशी आले. रागावलेले नव्हते. थकलेले दिसत होते.

"मैंने लिखा था, बेटे," ते म्हणाले. "वापस भी मुझे ही लिखना पड़ेगा. मेरे भी बच्चे हैं."

"लिहा साहेब."

आखाड लागण्याआधीच कळलं की मसाजीच्या जागी दुसऱ्या पोराचं नाव लागलं. कोणा वकिलाचा मुलगा. किसनरावला पुन्हा कोणी न्यायला आलं नाही. सालोत्र्याचं काय झालं ते वाडीला कळलं नाही. शेरवानी मसाजीनं धुऊन, घडी करून परत धाडली.

पण ते सगळं नंतरचं. चावडीच्या दुसऱ्या सकाळी वाफसा होता आणि वाडीभर तिफणी चालू झाल्या होत्या. ज्याच्याकडं बैल होते तो त्यांना क्षणभर उभं करायला तयार नव्हता, कोणाला उसने कुठून मिळणार. किसनरावच्या रानात एकटा तांबडा जुवाखाली उभा होता. जुवाची दुसरी बाजू जमिनीला टेकली होती. किसनराव ती उचलून बघायचा, खाली ठेवायचा.

नामाजीनं पहाटेच वाघरीचे खुंट काढले होते. रान रिकामं करून मेंढरं ओढ्यात उतरवली होती. आपल्याला इथं बसायचा हक राहिला नाही हे त्यानं सांगावं लागू दिलं नाही. पण मेंढरं चांगुणाबाईच्या ताब्यात देऊन तो बांधावर येऊन उभा राहिला. मसाजी त्याच्या मागं.

किसनरावनं त्यांच्याकडं बघितलं नाही. द्वारकाबाई बियाण्याची ओटी बांधून तिफणीच्या बी सोडायच्या चाड्यापाशी उभी होती. ऊन वर येत होतं. माती सुकत होती, ते चौघांनाही दिसत होतं.

बराच वेळ गेल्यावर मसाजी बांध उतरला. त्यानं सदरा काढून बांधावर ठेवला आणि धोतराचा काचा मारला. ढेकळांतून चालत तो जुवापर्यंत आला. कोणी ये म्हटलं नाही आणि कोणी जा म्हटलं नाही. तो वाकला, जुवाची पडलेली बाजू दोन्ही हातांनी उचलली आणि मानेवर घेतली. लाकूड खांद्याच्या हाडावर बसलं. तांबडा बिचकला, बाजूला सरला, मग त्याचा वास घेऊन उभा राहिला.

नामाजीनं येऊन पुढून दोर धरला.

किसनरावनं तिफणीच्या रुमण्यावर हात ठेवला. मसाजीला मागं वळून बघता येत नव्हतं. त्याला फक्त किसनरावचा श्वास ऐकू येत होता आणि चाड्यात द्वारकाबाईच्या बांगड्या. मग तिफणीवर वजन पडलं, फण मातीत शिरले, आणि तांबड्यानं पाऊल उचललं. मसाजीनंही उचललं. बैल ओढायचा तेव्हा जू त्याच्या बाजूला तिरकं व्हायचं आणि मसाजीच्या मानेची कातडी घासली जायची. पहिल्या तासाची ओळ अर्ध्यावर आली तेव्हाच त्याचे पाय ढेकळांत अडखळले. तो थांबला नाही. घाम डोळ्यांत गेला. समोर बापाची वाकलेली पाठ आणि काळी जमीन एवढंच दिसत होतं.

तास बांधापाशी संपला. चौघंही थांबले. तांबडा फुरफुरला.

मागून किसनराव बोलला. कालपासून त्यानं त्यांच्याशी बोललेला हा एकच शब्द होता, आणि तो मसाजीला होता की तांबड्याला, हे कोणाला कळलं नाही.

"वळ."

मसाजी वळला.